खपली, चवळी आणि टोमॅटो : एका पॅनमधील इटालियन धाटणीच्या जेवणाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

कामाच्या दिवशी संध्याकाळी, एका बर्नरवर आणि एकाच पसरट पॅनमध्ये अर्ध्या तासात होईल असे इटालियन धाटणीचे शाकाहारी जेवण ठरवायचे, आणि ते इतके नेमके लिहून ठेवायचे की घरातील कोणालाही वाचून करता यावे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. पॅनमध्ये धान्य, कडधान्य आणि पालेभाजी अशी तिन्ही हवीत. शेजारी पोळी किंवा भात लागणार असेल, तर तो पदार्थ येथे बसत नाही.

अटी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सोयीप्रमाणे त्या बदलता येणार नाहीत. ऑलिव्ह तेल वगळता सर्व जिन्नस आपल्या पुण्यातील वाण्याकडे किंवा मंडईत मिळाले पाहिजेत. पदार्थ काटेकोरपणे शाकाहारी असावा, कारण आई त्याबाबतीत तडजोड करत नाही. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे सगळे एकत्र जेवत नाहीत. आई आठला जेवते, मुलगा क्लासहून आल्यावर आणि पत्नी कामाची पाळी संपवून साडेनऊच्या पुढे. पॅनमधून उतरल्याबरोबर उत्तम लागणारे आणि तासाभरात लगदा होणारे जेवण आमच्या घराच्या उपयोगाचे नाही.

घड्याळ बर्नर पेटवल्यापासून मोजायचे असे ठरवले आहे. चिरणे आणि निवडणे त्यात धरलेले नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

तुलनेसाठी काहीतरी आधार हवा, म्हणून सुरुवात पास्त्यापासून केली. इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असा १९६७ पासून कायदा आहे. आपल्याकडे मात्र स्वस्त पाकिटांत साधा रवा किंवा मैदाही असतो, आणि असा पास्ता कमी पाण्यात शिजवताना लवकर चिकट होतो. त्यामुळे घटकांच्या यादीत केवळ ड्युरम लिहिलेले पाकीट निवडले. ड्युरम आपल्यालाही परका नाही. बन्सी रवा त्याच जातीच्या गव्हाचा असतो.

पास्ता उकळण्याचा इटालियन प्रघात असा, की १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ घ्यायचे. हे प्रमाण एका पॅनमध्ये चालत नाही, कारण तेथे पाणी ओतून द्यायचे नसते आणि सगळे मीठ पदार्थातच राहते. म्हणून २५० ग्रॅम पास्त्याला साधारण पाऊण लिटर पाणी आणि फक्त पाऊण चमचा मीठ घेतले. पास्त्यातून सुटलेला स्टार्च त्या थोड्या पाण्यात दाट होतो आणि तेलाला धरून ठेवतो, त्यामुळे क्रीम न घालताही रस पास्त्याला लागून राहिला.

आठ वाजता आईला वाढलेले ताट चांगलेच होते. साडेनऊला झाकण उघडले तेव्हा रस पूर्ण आटला होता, पास्ता फुगून दुप्पट झाला होता आणि डाव घालताच तुटत होता. पाणी घालून गरम केल्यावर तो आणखी मऊ पडला. पास्त्यावर रोष नाही; तो शिजल्याबरोबर खाण्याचाच पदार्थ आहे. आमच्या वेळापत्रकाला दुसरे धान्य शोधावे लागेल.

८ जानेवारी २०२५, बुधवार

आज स्वयंपाक न करता चीजचा प्रश्न निकाली काढला.

इटालियन पाककृतींवर 'शाकाहारी' असा शिक्का सहज मारला जातो आणि शेवटी पार्मेजान किसून घालायला सांगितले जाते. अस्सल पार्मिजानो रेज्जानो नियमानुसार केवळ दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून काढलेले, दूध विरजवणारे रेनेट यांपासून बनते. दुसरे कोणतेही रेनेट वापरले, तर त्याला ते नाव लावता येत नाही. ग्राना पादानोलाही वासराचेच रेनेट लागते आणि पेकोरीनो रोमानोला कोकराचे. म्हणजे इटलीतील किसून घालायची ही तिन्ही प्रमुख चीज आमच्या आईच्या अर्थाने शाकाहारी नाहीत, आणि त्यांचा उल्लेख असलेली पाककृतीही नाही.

भारतात बनणारी बरीच चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने दूध विरजवून केली जातात आणि पाकिटावरील यादीत तसे लिहिलेलेही असते. दुकानात उभे राहून हिरवे चिन्ह आणि ती ओळ दोन्ही वाचली. पिकवलेले, कडक, किसता येईल असे देशी चीज शंभर ग्रॅम घेतले.

घरात नेहमी असणाऱ्या प्रोसेस्ड चीजचाही विचार केला. त्यात एकजीव करणारे क्षार घातलेले असल्यामुळे ते गरम रसात न फुटता वितळते आणि कामाला सोपे पडते. पण त्याची चव सगळ्यावर पसरते आणि टोमॅटो मागे पडतो. पनीर वितळतच नाही, कारण ते आम्लाने फाडलेले असते आणि चीजला ताणणारे कॅल्शियम त्यातील पाण्याबरोबर बरेचसे निघून जाते. पनीर घालायचेच झाले तर कुस्करून आणि अगदी शेवटी, रिकोटा या मऊ इटालियन चीजच्या जागी. या पदार्थात मला ते नको आहे.

एक नोंद पुढच्यासाठी : किसलेले चीज पॅन बर्नरवरून उतरवून, एक-दोन मिनिटे थांबून मगच घालायचे. उकळत्या रसात त्यातील प्रथिने आकसतात, गोळे होतात आणि तूप वेगळे तरंगते.

११ जानेवारी २०२५, शनिवार

कडधान्याचा दिवस. इटलीतील टस्कनीच्या पाककृतींत कान्नेल्लीनी जातीचे पांढरे घेवड्याचे दाणे असतात. आपल्याकडे ते डब्यात मिळतात, पण महाग पडतात आणि पहिल्याच अटीत बसत नाहीत. पांढरा राजमा हा जवळचा पर्याय आहे. मात्र तो रात्रभर भिजवावा लागतो, कुकरमध्ये चांगला शिजवावा लागतो, आणि कोणताही राजमा अर्धकच्चा खाणे धोक्याचे असते, कारण त्यातील लेक्टिन हे अपायकारक प्रथिन जोरदार उकळल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. कामाच्या दिवशी हे सगळे लक्षात ठेवणे मला नको होते.

त्यापेक्षा चवळी कितीतरी सरळ आहे. सकाळी उठल्यावर भिजत घातली तरी नऊच्या कुकरला तयार असते. वरणभाताचा कुकर लागतोच. त्यात एक डबा चवळीचा वाढवायचा, एवढेच काम. चवळी म्हणजे इटलीच्या नावाखाली केलेली सोय, असा आक्षेप कोणी घेईल, पण तो टिकत नाही. राजमा आणि घेवड्याचा कूळ-गोतावळा अमेरिकेतून युरोपात पोहोचला तो १४९२ नंतर. त्याआधी कित्येक शतके इटलीत जी शेंग खाल्ली जात होती ती आफ्रिकेतून आलेली, काळ्या टिक्याची चवळीच होती, आणि टस्कनीत ती आजही मिळते. रोममधील कोलोन्ना चित्रसंग्रहात आन्नीबाले कार्राच्ची या चित्रकाराचे सोळाव्या शतकाच्या अखेरचे एक चित्र आहे. त्यात एक कष्टकरी माणूस वाडगा पुढ्यात घेऊन शेंगांचे दाणे चमच्याने खात आहे, आणि ते दाणे चवळीसारखेच काळ्या डोळ्यांचे आहेत.

आता आम्लाविषयी. आज चवळी दोन वाट्यांत विभागून, एकीत सुरुवातीपासून टोमॅटो घालून आणि दुसरीत न घालता, उघड्या भांड्यांत शिजवून पाहिली. साधी चवळी बोटाने दाबली की पिठासारखी होत होती, तेव्हा टोमॅटोतील चवळीची साल ताठ आणि मधला भाग करकरीत होता. कडधान्यांच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आम्लात लवकर विरघळत नाही, आणि पाण्यातील कॅल्शियम तर त्याला आणखी घट्ट करते. टँकर किंवा बोअरचे जड पाणी आल्यावर घरोघरी डाळ शिजत नाही, त्यामागे हेच कारण असते. निष्कर्ष स्पष्ट आहे : टोमॅटो आणि चवळी यांची गाठ, चवळी पूर्ण शिजल्यानंतरच पडली पाहिजे.

चवळी शिजवलेले पाणी टाकायचे नाही. हा कट दाट आणि गोडसर असतो आणि पॅनमध्ये साध्या पाण्याच्या जागी चालतो.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आज भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी असल्यामुळे चाचणी नाही. भाजीसाठी आणलेल्या ओल्या पावट्यातील मूठभर दाणे बाजूला काढून पाण्यात उकळून पाहिले. पंधरा मिनिटांच्या आत ते मऊ झाले. हिवाळ्यात चवळी भिजवायची राहिली, तर ओला पावटा हा चांगला पर्याय आहे, फक्त त्याचा किंचित कडूपणा लक्षात घेऊन कांदा थोडा जास्त परतावा.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

धान्याचा प्रश्न आज सुटला.

इटलीत, विशेषतः टस्कनी आणि आसपासच्या डोंगराळ भागांत, फार्रो नावाचा जुना गहू सूप आणि रिसोत्तोच्या (मलईदार इटालियन भाताच्या) पद्धतीने शिजवून खातात. लुक्का प्रांतातील गार्फान्याना खोऱ्याच्या फार्रोला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण १९९६ मध्ये मिळाले. हा फार्रो म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एमर गहू, आणि एमर म्हणजे आपली खपली. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि लागून असलेल्या उत्तर कर्नाटकात तो पिढ्यान्‌पिढ्या पिकतो आहे. आघारकर संशोधन संस्थेने पुण्यातच त्याचा एमएसीएस २९७१ हा वाण तयार केला आहे. ड्युरम आणि खपली हे जवळचे नातेवाईक आहेत. दोघांतही २८ गुणसूत्रे असतात, तर आपल्या पोळीच्या गव्हात ४२. त्यामुळे पास्त्याकडून खपलीकडे जाताना इटालियन वळण सुटत नाही, उलट ते अधिक जुने होते, असे मला वाटते.

घरात खिरीसाठी आणलेली सडलेली, म्हणजे कांडून टरफल काढलेली, खपली होती. डबा खाली काढताना आईने विचारले, "अरे, खिरीचे गहू तू तिखटामिठाचे करणार?" तिचा प्रश्न रास्त होता, कारण आमच्याकडे या गव्हाला गूळ आणि खोबऱ्याखेरीज दुसरी संगत कधी मिळालेली नाही.

अख्खी सडलेली खपली अर्ध्या तासात होत नाही. न भिजवता ती उघड्या पॅनमध्ये शिजवली असता पाऊण तासाला जवळ आली, आणि टोमॅटो असेल तर त्याहूनही उशीर होईल. म्हणून खपलीचा मध्यम दलिया आणला. तो कोरडाच, तेलावर दोन मिनिटे, भाजक्या धान्याचा वास येईपर्यंत परतला आणि मग एका वाटीला तीन वाट्या कढत पाणी घालून झाकण ठेवले. पंधरा-सोळा मिनिटांत दाणा शिजला, आणि त्याच्या मध्यभागी दाताला जाणवेल असा कणखरपणा राहिला. बारीक दलिया घेतला तर तो शिऱ्यासारखा मिळून येतो, म्हणून पाकीट घेताना दाण्याचा आकार पाहावा. ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याहून लहान नसावा.

रिसोत्तोच्या तांदळाइतका स्टार्च खपली सोडत नाही, त्यामुळे ढवळत बसून मलईदारपणा येईल ही आशा सोडून दिली. त्यावर उपाय चवळीतच आहे. शिजलेल्या चवळीतील एक तृतीयांश भाग डावाच्या पाठीने कटातच रगडून घातला की रस दाट होतो आणि दाण्यांना धरून राहतो.

खपलीत ग्लूटेन असते. ती पचायला हलकी आहे असे पुष्कळजण सांगतात, पण ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना खपलीही वर्ज्यच आहे. पाहुण्यांना वाढताना हे सांगितले पाहिजे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

रविवार असल्यामुळे पायाभरणीला, म्हणजे कांदा, गाजर आणि सेलरीच्या मंद परतण्याला, सवडीने वेळ दिला.

आपली फोडणी आणि इटलीतील सोफ्रीत्तो यांची कामे वेगळी आहेत आणि हात मात्र सवयीने फोडणीकडेच जातो. फोडणीत तेल कडक तापवून मोहरी तडतडू द्यायची, हिंग-हळद घालायची आणि काही सेकंदांत मसाल्याचा वास तेलात उतरवायचा. सोफ्रीत्तोत तेल कोमटच असते. बारीक चिरलेल्या भाज्यांतील पाणी हळूहळू निघून जाते, त्या आपल्याच गोडीत मऊ होतात आणि रंग येण्याआधी थांबायचे असते. लसणाचेही तसेच. आपल्याला फोडणीतला लालसर लसूण आवडतो, येथे तो पांढराच राहायला हवा, नाहीतर कडवट धार सगळ्या पदार्थात उतरते. मी एक सुकी लाल मिरची मोडून तेलात घातली आणि तेवढ्यावरच थांबलो. हळद, जिरे, गरम मसाला यांपैकी काहीही नाही. चिमूटभर हळदीने काय बिघडते, असा मोह होतो. पण मग ती उत्तम खिचडी होते, आणि खिचडीसाठी हा खटाटोप करण्याची गरज नव्हती.

सेलरी मंडईत एखाद्या गाळ्यावर मिळते, पण रोज मिळेलच असे नाही. कोथिंबिरीचे देठ घातले तर वास ताबडतोब आपल्या स्वयंपाकघराचा येतो. पालकाचे देठ मात्र अगदी योग्य ठरले. पाने नंतर लागणारच असतात; देठ बारीक चिरून कांद्याबरोबर टाकले की हिरवी, किंचित खारट चव येते आणि वायाही काही जात नाही. कांद्यावर सुरुवातीलाच चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवले, तर पाणी लवकर सुटते आणि एरवी दहा मिनिटांचे काम सहा मिनिटांत होते.

टोमॅटोबाबत एक तांत्रिक अडचण होती. त्याला तेल सुटेपर्यंत परतल्याशिवाय कच्चेपणा जात नाही, आणि तो पॅनमध्ये असताना दलिया घातला तर आम्लामुळे दलिया हटून बसतो. म्हणजे तो दलियाच्या आधी परतायलाही हवा आणि दलिया शिजताना पॅनमध्ये असायलाही नको. तोडगा असा निघाला : टोमॅटो ज्या वाडग्यात किसून ठेवला होता, त्याच वाडग्यात परतलेला लगदा परत काढायचा आणि दलिया शिजत आला की पुन्हा घालायचा. भांडे एकही वाढत नाही. टोमॅटो अर्धा कापून, कापलेली बाजू किसणीवर टेकवून तळव्याने दाबत किसला की गर खाली पडतो आणि साल सपाट होऊन हातात उरते. ती फेकून द्यावी. संकरित टोमॅटोची साल जाड असते आणि शिजल्यावर तिच्या गुंडाळ्या दातात येतात. हल्ली मिळणारे हे टोमॅटो वाहतुकीत टिकतात, पण आंबटपणाला कमी असतात. गावठी मिळाले तर तेच घ्यावेत, आणि नाही मिळाले तर शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळावा.

२३ जानेवारी २०२५, गुरुवार

पॅनची निवड. घरी बिडाचा एक जड पसरट पॅन आहे आणि दलिया भाजायला त्याच्यासारखे भांडे नाही, कारण उष्णता तो धरून ठेवतो. परंतु टोमॅटो परतताना त्याच्यावरचा तेलाचा काळा थर आम्लाने थोडा सुटला, लगदा काळपट दिसू लागला आणि जिभेवर लोखंडाची चव राहिली. वर्षानुवर्षे वापरून मुरलेल्या बिडात एवढ्या वेळात काही होत नसावे, पण आमचा पॅन नवा आहे. शिवाय आमच्याकडे अन्न पॅनमध्येच तासभर झाकून राहणार, आणि आंबट पदार्थ बिडात ठेवणे कधीही इष्ट नाही.

त्यामुळे २८ सेंटिमीटरचा, झाकणाचा, तिहेरी थराचा स्टीलचा पॅन नक्की केला. नॉनस्टिकचा विचार सोडला. त्याला काहीच चिकटत नसल्यामुळे कांदा-टोमॅटोचा जो तपकिरी थर तळाला धरतो आणि पाणी घातल्यावर सुटून रसाला चव देतो, तो त्यात तयारच होत नाही.

२६ जानेवारी २०२५, रविवार

चीज कमी करण्याच्या प्रयत्नात आज वरच्या चुऱ्याकडे वळलो. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे त्या घरांतून शिळ्या पावाचा चुरा तेलावर लसणीबरोबर कुरकुरीत परतून पास्त्यावर भुरभुरवण्याची रीत होती आणि ती आजही टिकून आहे. आमच्या भागातील बेकरीत कडक ब्रून पाव मिळतो. दोन दिवस उघडा ठेवला की तो हातानेच चुरता येतो. मऊ लादी पावाचा चुरा तेल पितो आणि चिवट होतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

चुरा त्याच पॅनमध्ये सर्वांत आधी, एक चमचा तेल आणि ठेचलेली लसूण पाकळी घालून तीन मिनिटे परतला आणि ताटलीत काढला. मऊ दलिया आणि चवळीवर या कुरकुरीत थराने जे साधले, ते चीजने साधत नव्हते. चीज खारटपणा आणि खोली देते, पण दाताला काही देत नाही. आईने तर चीज नकोच म्हटले आणि चुरा दुसऱ्यांदा घेतला. मला थोडे चीज हवे आहे. तेव्हा चुरा सर्वांसाठी आणि चीज ज्याचे त्याने ताटात, अशी विभागणी केली. त्यामुळे पॅनमध्ये चीज फुटण्याचा प्रश्नही मिटला. आठ तारखेची पॅन उतरवून थांबण्याची सूचना आता अनावश्यक झाली आहे.

३० जानेवारी २०२५, गुरुवार

उशिराच्या ताटाची परीक्षा. पावणेआठला बर्नर बंद करून पॅनवर झाकण ठेवले आणि सव्वानऊपर्यंत हात लावला नाही. दलियाने रस ओढून घेतला होता आणि वरचा थर घट्ट झाला होता, परंतु दाणा फुटला नव्हता. पाव वाटी कढत पाणी घालून, कडेने सैल करून, मंद आचेवर तीन मिनिटे ठेवल्यावर पदार्थ जवळजवळ आठ वाजताच्या स्थितीत परत आला. पालक मात्र काळवंडला होता. यापुढे उशिरा जेवणाऱ्यांच्या वाट्याची पाने वेगळी ठेवायची आणि पुन्हा गरम करताना घालायची. चुराही पॅनवर न घालता डब्यात ठेवायचा, कारण वाफेने तो दहा मिनिटांत सादळतो.

पत्नीचे मत असे, की दुसऱ्या वेळचे तिला अधिक आवडले, कारण तोवर चवळी आणि टोमॅटो मुरलेले असतात. हे मत पक्षपाती असू शकते. तिला पहिल्या वेळचे कधी मिळतच नाही.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

बेसिलविषयी. दिवाळीनंतर खिडकीतील कुंडीत फालुद्यासाठी आणलेल्या सब्जाचे दाणे टाकले होते. सब्जा हे बेसिलच्याच जातीचे बी आहे, आणि थंडीमुळे रोपे हळू वाढली तरी आता खुडण्याजोगी पाने आली आहेत. वास इटालियन बेसिलपेक्षा थोडा बडीशेपेकडे झुकतो, पण या पदार्थात तो खटकत नाही. तुळस त्या जागी वापरू नये. तिच्यातील लवंगेसारखा उग्रपणा टोमॅटोवर मात करतो, आणि वृंदावनातील तुळस खुडून कढईत टाकायला घरात कोणी परवानगीही देणार नाही. पाने चिरायची नाहीत, हाताने तोडून पॅन उतरवल्यावर घालायची.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

अंतिम कृती, चार जणांसाठी.

सकाळी पाऊण वाटी चवळी भिजवून, वरणभाताच्या कुकरमध्ये मऊ शिजवून, कटासह डब्यात ठेवावी. घरातून निघण्यापूर्वी डबा फ्रीजमध्ये जावा. संध्याकाळी एक मोठा कांदा, एक गाजर आणि एका जुडी पालकाचे देठ बारीक चिरावेत, पाने वेगळी ठेवावीत, सहा लसूण पाकळ्यांचे पातळ काप करावेत आणि चार टोमॅटो वाडग्यात किसून घ्यावेत. पाण्याची किटली तापत ठेवावी. ती विजेची असेल तर एका बर्नरची अट मोडत नाही.

बर्नर पेटवून आधी ब्रून पावाचा चुरा परतून काढावा. त्याच पॅनमध्ये दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मोडलेली सुकी मिरची, कांदा, गाजर, देठ आणि चिमूटभर मीठ घालून झाकणाखाली सहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे आणि शेवटच्या मिनिटाला लसूण घालावा. आच वाढवून टोमॅटो घालावा आणि पाच मिनिटांत, तेल कडेला दिसू लागले की, सर्व लगदा वाडग्यात काढावा. तळाला थोडा चिकटून राहिला तर राहू द्यावा. एक वाटी खपलीचा मध्यम दलिया घालून, लागल्यास चमचाभर तेल सोडून, दोन मिनिटे भाजावा. चवळीचा कट आणि कढत पाणी मिळून तीन वाट्या होतील असे मोजून ओतावे, अर्धा चमचा मीठ घालावे, तळ खरवडून घ्यावा आणि झाकण ठेवून बारा मिनिटे शिजू द्यावे. दरम्यान चवळीचा एक तृतीयांश भाग रगडावा. मग सगळी चवळी आणि टोमॅटोचा लगदा घालून झाकणाशिवाय दोन मिनिटे, आणि पालकाची पाने घालून अर्धे मिनिट. उतरवून बेसिल आणि वरून एक चमचा कच्चे ऑलिव्ह तेल; चुरा आणि चीज ताटात.

बर्नर पेटल्यापासून सगळे साधारण अर्ध्या तासात बसते. पाणी कढत नसेल तर मात्र बसत नाही, आणि घाईत नेमकी तीच गोष्ट राहून जाते.

आठ जणांसाठी प्रमाण दुप्पट करून हाच पॅन वापरू नये. थर जाड झाला की टोमॅटो परतला न जाता उकडला जातो, आणि खालचा दलिया लगदा होईपर्यंत वरचा कच्चा राहतो. दोन बर्नरवर दोन पॅन ठेवावेत आणि दुसऱ्याची सुरुवात पाच मिनिटे उशिरा करावी, म्हणजे ढवळायला एकच माणूस पुरतो.